कवडूनं लीक शोधलं

एका गावात एक भोळा कवडू राहत होता. भोळी माणसं त्या गावात आणखीही होती, पण ती अधूनमधून शहाण्यासारखी वागून घोळ करत. कवडूचं तसं नव्हतं. तो एकमार्गी होता. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करी आणि सांगितलेलं कधी विसरत नसे. लोक म्हणतात, विसराळूपणा वाईट. त्यांनी कवडूला पाहिलेलं नाही.

एकदा आई त्याला म्हणाली, "कवडू, म्हशीवर ध्यान ठेव." कवडूनं ध्यान ठेवलं. म्हैस उठली, दुसऱ्याच्या कपाशीत शिरली, पोटभर चरली आणि परत आली. कवडू तिच्या मागं मागं ध्यान ठेवत गेला आणि ध्यान ठेवत परत आला. संध्याकाळी कपाशीवाला भांडायला आला तेव्हा कवडूनं त्याला कुठलं झाड आधी खाल्लं आणि कुठलं नंतर, ते नीट दाखवून दिलं.

आईनं कपाळावर हात मारला आणि त्याला तालुक्याला, पंचफुलाच्या घरी पाठवून दिलं. पंचफुला कवडूची थोरली बहीण. तिचा नवरा देवमन एसी आणि फ्रिज दुरुस्त करी. त्या तालुक्याचा उन्हाळा असा, की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नसे. त्यामुळे देवमनला कामाला तोटा नव्हता. तोटा होता तो हाताखालच्या माणसाचा. तो कवडूनं भरून काढला.

महिनाभरात तिथं कवडूची सोयरीकही निघाली. दशरथराव भोंडे यांचं बसस्टँडसमोर कुल्फीचं दुकान होतं. मागच्या बाजूला मोठी थंड खोली, पुढं खुर्च्या, आणि गल्ल्यावर त्यांची मुलगी इंदू. इंदूला कवडूनं एकदाच पाहिलं होतं. ती कुल्फी खात होती. तेव्हापासून कवडूला दुसरं काही सुचत नव्हतं. कुल्फीही सुचत नव्हती, यावरून काय ते समजा.

दशरथराव मात्र हिशेबी माणूस. ते चार लोकांसमोर म्हणाले, "पोट्टा चांगला हाय. निर्व्यसनी हाय. पन हुनर पाह्यजे. यानं एक लीक एकट्यानं शोधलं आन् म्या ते माह्या डोयानं पाह्यलं, का पोरगी दिली. नाही तर नाही."

म्हणजे आता सगळं एका लीकवर आलं होतं.

देवमननं त्याच रात्री कवडूला समोर बसवलं आणि विद्या द्यायला सुरुवात केली.

"हे पाय कवडू. एसीतला गॅस म्हनजे काही पेट्रोल नोहे, वापरून संपाले. तो आतल्या आत फिरत राह्यते. कमी झाला म्हनजे कुठून तरी निंगून गेला. ते भोक शोधाचं. भोक न शोधता गॅस भरनं म्हनजे फुटक्या माठात पानी भरनं. समजलं?"

"हाव भाऊजी. पन भोक दिसते का?"

"नाही दिसत. म्हनून साबनाचा फेस लावाचा. जिथी बुडबुडा आला, तिथी लीक."

"हाव भाऊजी. ध्यानात ठेवतो."

आणि ठेवलं.

दुसऱ्या दिवशी लुंकडशेठच्या साडीच्या दुकानातला एसी बिघडला. देवमन बाहेरचं यंत्र उघडायला गच्चीवर गेला आणि कवडूला आतली नळी तपासायला सांगून गेला. कवडूनं बादलीत साबण घुसळला. मोप फेस केला. नळीला लावला. पाहतो तर काय, बुडबुडे! एक नाही, शेकडो. त्याला घाम फुटला. एवढं लीक असल्यावर नळीचा काय दोष, म्हणून त्यानं भिंतीला फेस लावला. भिंतीवरही बुडबुडे. गल्ल्याला लावला, बुडबुडे. शेठच्या खुर्चीला लावला. शेठच्या चपलांना लावला. दारात पैठणी नेसवून उभी केलेली पुतळी होती, तिच्या दोन्ही गालांना लावला.

देवमन खाली आला तेव्हा दुकानात पांढरंशुभ्र झालं होतं आणि शेठ टेबलावर पाय घेऊन बसले होते.

"भाऊजी," कवडू गंभीरपणे म्हणाला, "गॅस भरू नका. सारं दुकानच लीक हाय. त्या बाईलेही लीक हाय."

देवमननं पैठणी धुऊन दिली, फरशी पुसून दिली, शेठची माफी मागितली. घरी येऊन तो ओसरीवर बसला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

पंचफुला आतून म्हणाली, "माह्या भावाले बोलू नका. तुमी नीट सांगतलं नसन."

"बरं बाई," देवमन म्हणाला, "चूक माहीच. म्या सांगाले पाह्यजे होतं. कवडू, गॅस जाते तवा संग थोडं तेल घेऊन जाते. म्हनून पयले तेल पाहाचं. जिथी तेलाचा ओशटपना दिसन, तिथीच फेस लावाचा. कोरड्या जागी लावाचा नाही. लावला का मंग थांबाचं. बुडबुडा आपोआप मोठा झाला, तरच लीक."

"हाव भाऊजी. ध्यानात ठेवतो."

यानंतरचं काम मधूच्या सलूनमध्ये निघालं. मधूनं नव्यानं एसी लावला होता आणि पाटीवर एसी हा शब्द स्वतःच्या नावापेक्षा मोठा लिहून घेतला होता. आता तो एसी गरम वारा फेकत होता. देवमन पुन्हा बाहेरच्या बाजूला गेला. कवडू आत आला आणि तेल शोधू लागला.

तेल शोधायला त्याला फार वेळ लागला नाही. मधल्या खुर्चीवर नांदूरकर मास्तर बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले, डोक्यावर एक केस नाही. मधूनं नुकतंच त्यांच्या डोक्यावर वाटीभर बदामाचं तेल जिरवलं होतं आणि तो चहा सांगायला दारात गेला होता. मास्तर डोळे मिटून सुखात होते. टक्कल आरशातल्या दिव्याखाली चमकत होतं. एवढा ओशटपणा कवडूनं जन्मात पाहिला नव्हता.

त्यानं हळूच फेस लावला. सगळीकडून, कानामागूनसुद्धा. आणि थांबला.

"वा," मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "आज काही नवीन आहे वाटतं."

"चूप बसा मास्तर," कवडू म्हणाला, "हलले का बुडबुडा फुटते."

मास्तरांना वाटलं, ही काहीतरी नवी पद्धत असेल. ते चूप बसले. कवडू डोक्याशी नाक नेऊन पाहत राहिला. बुडबुडे होते ते विरत गेले. मोठा एकही झाला नाही. शेवटी त्यानं समाधानानं मान हलवली.

"मास्तर, तुमचं डोकं एकदम टाइट हाय. आतलं काहीच बाहेर येत नाही."

मास्तरांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं होतं. हे वाक्य त्यांनी मुलांना अनेकदा ऐकवलं होतं, स्वतः पहिल्यांदाच ऐकलं. ते ताडकन उठले, आणि साबण डोळ्यांत गेला.

देवमन ओसरीवर बसला. दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"नीट सांगतलं नसन," आतून पंचफुला म्हणाली.

"चूक माहीच. कवडू, मानसाले हात लावाचा नाही. कोनत्याच मानसाले नाही. आपलं काम मशीनशी. आन् डोयापेक्षा कान बरा. पंखा बंद, बोलनं बंद, सारं चिडीचूप झालं पाह्यजे. मंग नळीजवळ कान द्यायचा. सुस्स असा बारीक आवाज आला, का ते लीक. मी गच्चीवर असलो तर खालून जोरात सांगाचं, सापडलं म्हनून. म्हनजे मी तिकडून बंद करीन."

"हाव भाऊजी. ध्यानात ठेवतो."

कापसाच्या जिनिंगचे मालक भगवंतजी राऊत वारले, त्यांची शोकसभा त्याच आठवड्यात होती. हॉलमधला एसी ऐन वेळी रुसला, म्हणून देवमनला तातडीनं बोलावलं. देवमन गच्चीवर चढला. कवडू हॉलच्या मागच्या कोपऱ्यात शिडीवर चढला, पण हॉलमध्ये इतका गलका, की कान देऊन उपयोग नव्हता. भाषणं चालली होती. भगवंतजींचे दोघं मुलगे व्यासपीठावर पांढऱ्या कपड्यांत, माना खाली घालून बसले होते. दोघांच्या मध्ये एक खुर्ची मोकळी होती. कारण भगवंतजींच्या हातातलं सोन्याचं कडं ते गेले त्या दिवसापासून गायब होतं, आणि ते दुसऱ्यानं लांबवलं अशी प्रत्येकाची खात्री होती.

मग अध्यक्ष म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू."

सगळे उभे राहिले. शांतता हवी म्हणून कुणीतरी पंखे बंद केले. बोलणं बंद झालं. सारं चिडीचूप.

कवडूला भरून आलं. आपल्या कामासाठी एवढी मोठमोठी माणसं उभी राहिली, याची त्याला कल्पना नव्हती. त्यानं कान दिला. आणि आवाज आला. सुस्स. थांबून पुन्हा सुस्स. तो नळीतून येत नव्हता, तिसऱ्या रांगेतल्या सर्दी झालेल्या एका पाहुण्याच्या नाकातून येत होता. पण माणसाला हात लावायचा नाही, एवढंच कवडूला सांगितलेलं होतं. माणसाचा आवाज धरायचा नाही, असं कुणी सांगितलं नव्हतं.

"सापडलं!" कवडू शिडीवरून ओरडला. "सापडलं हो, सापडलं!"

व्यासपीठावर दोन्ही मुलांच्या माना एकदम वर झाल्या.

"कुठी?" थोरला ओरडला.

"याच्याच घरी असन!" धाकटा ओरडला. "माह्यं हाय ते! बाबांनी मले कबूल केलं होतं!"

"मेल्यावर केलं का रे कबूल?"

दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. शोकानं नव्हे. फोटोवरचा हार खाली आला, अध्यक्षांचा चष्मा त्याच्याखाली सापडला, आणि श्रद्धांजलीची दोन मिनिटं लोकांना पुढं वर्षभर बोलायला पुरली. गच्चीवर देवमननं सांगितल्याप्रमाणं सगळं बंद केलं होतं. हॉलची वीजसुद्धा.

देवमन ओसरीवर बसला. या वेळी त्यानं दुपट्टा तोंडावरून काढलाच नाही. आतूनच बोलला.

"कवडू, कार्यक्रमात बोंबलाचं नसते."

"मंग सांगाचं कसं, भाऊजी?"

"हळू. ज्याचा कार्यक्रम असन, त्याच्या कानाशी जायचं आन् कानात हळूच सांगाचं, लीक हाय म्हनून."

कवडू विचारात पडला. "पन भाऊजी, आजचा कार्यक्रम तर भगवंतजीचा होता. त्याइच्या कानात मी..."

"पंचफुला!" देवमन ओरडला. "याले जेवाले वाढ!"

कवडू जेवला. जेवताना त्याला एकच काळजी होती. दशरथरावांनी अजून त्याच्या हातून एकही लीक पाहिलेलं नव्हतं, आणि लग्नाच्या तिथी संपत आल्या होत्या. इंदूला दुसरं स्थळ पाहायला येणार, असं बाजारात कुणीतरी म्हणालं होतं. त्यानं ठरवलं, आता चुकायचं नाही. भाऊजी म्हणतात तसंच, अगदी तसंच करायचं.

पुढचं काम एका बारशाच्या हॉलमध्ये होतं. आणि नवल म्हणजे तिथं कवडूला खरंच लीक सापडलं! नळीच्या सांध्यावर तेल होतं. त्यानं तेवढ्याच जागी फेस लावला. थांबला. बुडबुडा आला, आणि आपोआप मोठा होत होत लिंबाएवढा झाला. इंदू डोळ्यांसमोर उभी राहिली. दशरथराव इथं नव्हते, हे दुर्दैव. पण हात बसला होता. तो ओरडला नाही. कुणाला हात लावला नाही. शिडीवरून शांतपणे खाली उतरला आणि दारातल्या एका पाहुण्याला त्यानं विचारलं,

"काका, हा कार्यक्रम कोनाचा हो?"

"बाळाचा," काका म्हणाले. "दुसऱ्या कोनाचा असन बारशात?"

हॉलच्या मधोमध पाळणा सजवला होता. त्याच्याभोवती बायकांची गर्दी. आत्याबाई नवी साडी नेसून, नाव सांगायला नुकत्याच वाकत होत्या. घरात दोन महिने वाद होऊन शेवटी शौर्य हे नाव ठरलं होतं. बायकांनी कुर्रर्र करायला तोंडं उघडली होती. तेवढ्यात त्यांच्या मधून हातात तेलकट पाना घेतलेला एक माणूस अदबीनं आत शिरला, पाळण्यात वाकला, आणि बाळाच्या कानात हळूच म्हणाला,

"लीक हाय."

बाळ हसलं. बाकी कुणी हसलं नाही.

"काय सांगतलं रे त्याले?" खुर्चीत बसलेल्या पणजीनं विचारलं. ती घरातली सर्वांत मोठी, तिचा शब्द कुणी मोडत नसे.

"लीक," कवडू म्हणाला.

"मंग झालं," पणजी म्हणाली. "बारशाले कानात पयले पडते तेच पाळन्यातलं नाव. माह्या सासूनं सांगतलं होतं. शाळेत काय घालाचं ते घाला."

आत्याबाईंनी मिळालेल्या मानाच्या साडीची घडी तिथंच खुर्चीवर आपटली आणि रडायला लागल्या. बाळाची आई आत्याबाईंकडं पाहून रडायला लागली. बाळ मात्र खूश होतं. कुणी लीक म्हटलं की मान वळवून बघायचं. देवमन गच्चीवरून खाली आला तेव्हा त्याला वाटलं, चला, या वेळी तरी कुणीतरी हसतंय.

घरी आल्यावर तो ओसरीवर बसला नाही, आडवा झाला.

"नीट सांगतलं..." पंचफुलानं आतून सुरुवात केली.

"नव्हतं," देवमन म्हणाला. "नव्हतं नीट सांगतलं. कवडू, इकडे ये. आता शेवटचं सांगतो. यापुढं कामावर तोंड उघडाचं नाही. मोठ्याशी नाही, लेकराशी नाही. मानसाले काही सांगाचंच नाही. विचाराचं ते मशीनले. मशीनले विचाराची रीत म्हनजे दाब. हे नायट्रोजनचं नळकांडं हाय. हे नळीले जोडाचं आन् आत दाब द्यायचा. कच्ची जागा असन तर मशीन स्वतःहून सांगते."

"आन् नाही सांगतलं तर?"

"तर आनखी थोडा दाब द्यायचा."

"तरी नाही सांगतलं तर?"

"सांगते रे!" देवमन वैतागून म्हणाला. "मशीन खोटं बोलत नाही." आणि कुशीवर वळला.

कुठं थांबायचं, ते सांगायचं राहून गेलं.

आठवड्याभरात दशरथरावांचा निरोप आला. दुकानातली कुल्फी नरम पडत होती. थंड खोलीत कुठंतरी लीक असणार, असं त्यांचं म्हणणं. "जवाईबुवाले एकट्याले पाठवा," असं त्यांनी कळवलं. "सोयरे बोलावले हायेत. लीक सापडलं का तिथीच साक्षगंध उरकून टाकू." देवमनला नेमकं त्याच, साखरपुड्याच्या दिवशी सामान आणायला अकोल्याला जायचं होतं. तो जाताना पंचफुलाला म्हणाला, "तू त्याच्या संग जाय." पंचफुला म्हणाली, "जाते ना. पन तुमीच पाहा, आज माहा भाऊ काम करूनच दाखवते."

आणि खरंच, कवडू त्या दिवशी शहाण्यासारखा वागला.

पुढं दुकानात खुर्च्यांवर सोयरे बसले होते. नव्या टोप्या, नव्या साड्या. कवडूची आई गावाहून आली होती. मांडीवर कुंकवाचं ताट घेऊन ती नजर मागच्या दारावर लावून बसली होती. तिला कवडूची फार काळजी वाटत होती. एवढं जमलं तर पोराचा संसार उभा राहील, नाहीतर पुन्हा ते आणि म्हशी. तिनं ताट घट्ट धरलं होतं.

मागं यंत्राच्या जागी कवडू एकटा. त्यानं तेल पाहिलं. तेल नव्हतं. कान दिला. आवाज नव्हता. बादलीत फेस करून ती नळीच्या सांध्याखाली ठेवली, सांध्याला फेस लावला, थांबला. बुडबुडा नव्हता. यंत्र ठणठणीत होतं.

तेवढ्यात इंदू आली. साक्षगंधाची हिरवी साडी, कपाळावर मोत्यांची बिंदी. तिनं थंड खोलीचं दार सताड उघडलं, एक कुल्फी काढली, आणि त्या उघड्या दाराला टेकून खायला लागली. आतला गारवा कवडूच्या पायांवरून वाहत बाहेर चालला.

"सापडलं का?" तिनं विचारलं.

कवडूनं मान हलवली. नाही.

"बोलता नाही का येत तुमाले?"

कवडूनं मान हलवली. येतं.

"कुल्फी खाता?"

कवडूच्या तोंडाला पाणी सुटलं. पण कामावर तोंड उघडायचं नाही. त्यानं नाही म्हणून मान हलवली, डोळ्यांत पाणी आणून. इंदूला हा माणूस फार आवडला. तिला आजवर ज्यांनी पाहिलं ते सगळे नुसते बोलतच सुटले होते. ती दुसरी कुल्फी घेऊन गेली आणि नेहमीप्रमाणं दार उघडंच राहिलं. कवडूनं ते पाहिलं. पण माणसाला काही सांगायचं नव्हतं.

"सापडलं?" दशरथरावांनी दारातून विचारलं.

मान. नाही.

बाहेर कुजबुज सुरू झाली. आईचा चेहरा उतरला, तो कवडूला दारातून दिसला. मग त्यानं नळकांडं जोडलं आणि मशीनला विचारलं. मशीन काही बोललं नाही. त्यानं आणखी थोडा दाब दिला. मशीन गप्प. आणखी थोडा. दाब दाखवणारा काटा हिरव्यातून पिवळ्यात गेला. कवडूनं मनात हात जोडले आणि आणखी थोडा दाब दिला. काटा तांबड्यात गेला. तांबड्यातून जिथं रंगच संपतात तिथं गेला. नळी थरथरायला लागली.

फट्ट!

सांध्यावरचा नट अर्धा उखडला. सुस्सकन वारा सुटला आणि सांध्यावर भोपळ्याएवढा बुडबुडा आला, तो दारातून डोकावणाऱ्या दशरथरावांनाही दिसला. कवडूनं झडप घातली, पान्याचा जबडा नटावर दाबला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला. आवाज थांबला.

सगळे धावत आले. दशरथराव पुढं, त्यांच्या मागं सोयरे, मध्ये ताट घेतलेली आई, मागून पंचफुला. आणि त्याच वेळी अकोल्याहून परतलेला देवमनही धापा टाकत येऊन पोचला. कवडूच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की आईला रडूच आलं.

"सापडलं?" दशरथरावांनी विचारलं.

कवडूनं जोरजोरात मान हलवली. हो!

"अरे तोंड उघड ना!" देवमन म्हणाला.

कवडूनं तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

"बोल!"

"सापडलं भाऊजी! भोपळ्याएवढा बुडबुडा आला. मामाजीनं डोयानं पाह्यला."

"पाह्यला," दशरथराव कौतुकानं म्हणाले. "शाबास. केव्हापासून होतं हे लीक?"

"आत्तापासून."

"म्हनजे?"

"पयले नव्हतं, मामाजी. मशीनले विचारलं, तिनं नाही सांगतलं. आनखी दाब दिला, तरी नाही. मंग लय दाब दिला, मंग सांगतलं."

दशरथरावांचा रंग बदलत गेला. "म्हनजे माही चांगली मशीन..."

"लय चांगली होती, मामाजी," कवडू मनापासून म्हणाला. "म्हनून तर एवढा येळ लागला."

"मंग माही कुल्फी नरम काहून पडते?"

इंदूच्या हातात तिसरी कुल्फी होती. ती तिनं पदराआड नेली. पण ती थेंब थेंब गळत होती, आणि मागं थंड खोलीचं दार उघडं होतं. दशरथरावांनी दार पाहिलं. मुलगी पाहिली. मग पाना धरून उभा असलेला जावई पाहिला.

"दशरथ," सोयऱ्यांमधले एक म्हातारे खाकरून म्हणाले, "शब्द चार लोकांत दिला होता तू. लीक शोधाचं ठरलं होतं. ते कोनी केलेलं असावं, हे काही ठरलं नव्हतं."

इंदू खाली मान घालून हसली. कवडूही हसला. तो का हसला ते त्याला माहीत नव्हतं, पण ती हसली म्हणून त्यालाही बरं वाटलं.

दशरथरावांनी मोठा श्वास सोडला. "जोडी जमली म्हनाची. एक दार उघडं ठेवते, दुसरा भोक पाडते. दिली पोरगी! ताट आना. जमा सारे इथीच." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आईनं डोळे पुसले. सोयरे यंत्राभोवतीच दाटीवाटीनं उभे राहिले. दशरथरावांनी कुंकवात बोट बुडवलं आणि जावयासमोर येऊन कडक आवाजात म्हणाले, "पन एक आजपासून ध्यानात ठेव. तू गल्ल्यावर बसाचं. कुल्फी विकाची. पान्याले हात लावाचा नाही. समजलं? सोड तो पाना, आताच्या आता!"

"नको!" देवमन ओरडला. "कवडू, सोडू नको..."

पण मोठ्यांचं ऐकायची कवडूला सवय होती. त्यातून सासरे. त्यानं पाना सोडला.

नट छताला गेला. नळकांड्यातला सगळा दाब सुस्सकन खाली आला आणि थेट फेसाच्या बादलीत शिरला. बादलीतून एक पांढरा डोंगर उठला आणि सोयऱ्यांवर कोसळला. टोप्या गेल्या, साड्या गेल्या, कुंकवाचं ताट गेलं. जिथं इतकी माणसं उभी होती तिथं नुसता फेस उभा राहिला. मग फेसातून इंदूचं खुदुखुदु हसू आलं, आणि मधोमध एक मोठा बुडबुडा वर आला. तो हळूहळू फुगत गेला, आणि फुटला तेव्हा त्याच्या आत दशरथरावांचं तोंड निघालं.

कवडूनं त्यांच्याकडं आदरानं पाहिलं.

"मामाजी," तो म्हणाला, "पयलं लीक म्या शोधलं होतं. पन हे तुमचं हाय. हे बरंच मोठं हाय."